जीभ कुणी बघतच नाही

स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या वर्षानुवर्षं इमानेइतबारे घेणारा माणूस एक दिवस चघळायला लागतो. तोंडात काही नसतं. ओठांचा चंबू होतो, जीभ बाहेर डोकावून आत जाते, जबडा एका बाजूला सरकतो, बोटं पेटी वाजवल्यासारखी हलतात. शेजारी म्हणतात, आजार बळावला. घरचे ओरडतात, ‘अरे, नीट बस की!’ त्याला ते थांबवता येत नाही. ही औषधाची देणगी आहे, टार्डिव्ह डिस्कायनेशिया.

संताप येतो तो हे जुनं असल्याचा. अशा गोळ्यांपैकी क्लोरप्रोमाझीन पॅरिसच्या मनोरुग्णांना १९५२ मध्ये मिळालं. १९५७ मध्ये जर्मनीतून या हालचालींची नोंद झाली, १९६४ मध्ये नाव ठरलं. १९७६ मध्ये अमेरिकेत मोजपट्टीही तयार झाली. तिला ना यंत्र लागतं, ना रक्ताचा नमुना. रुग्णाला खुर्चीवर बसवा, हात गुडघ्यांवर. कवळी आहे का, दात दुखतो का, विचारा. तोंड उघडायला सांगा, जीभ बघा. अंगठ्याला एकेक बोट टेकवायला लावा. चार पावलं चालवा. दहा मिनिटांत काम होतं. आपल्या ओपीडीत मात्र ‘झोप लागते? जेवतो? तेच चालू ठेवा’ एवढ्यावर कागद पुढे सरकतो. गर्दी आहे, कबूल. पण ही तपासणी सहा महिन्यांतून, फार तर वर्षातून एकदा करायची असते.

आणि लक्षात आलं तर? हात सवयीने ट्रायहेक्सिफेनिडिलकडे जातो. ते थरथर आणि ताठरपणावरचं औषध. चघळणाऱ्या जबड्याला ते सहसा उपयोगी पडत नाही, उलट त्रास वाढवू शकतं. दुसरी चूक याहून फसवी. मूळ औषधाचा डोस वाढवला की हालचाली काही काळ दबतात, घरचे खूश होतात, आणि आत दुखणं मुरत राहतं. तिसरी चूक घरच्यांची: घाबरून गोळ्या एकदम बंद करणं. त्याने हालचाली उफाळतात आणि मूळ आजारही उलटतो.

रस्ता आहे. मूळ औषध खरंच किती लागतंय ते पुन्हा तपासायचं, जमेल तिथे डोस हळूहळू उतरवायचा, किंवा क्वेटियापिन, क्लोझापिनसारख्या कमी धोक्याच्या औषधावर यायचं. शिवाय थेट या हालचालींवरची औषधंही आहेत. व्हॅल्बेनाझीन आणि ड्युटेट्राबेनाझीन यांना अमेरिकेत २०१७ मध्ये या विकारासाठी मंजुरी मिळाली. त्यांचं जुनं भावंड टेट्राबेनाझीन आपल्याकडे मिळतं. त्याने मन खचू शकतं, आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून ते नजरेखालीच द्यायचं. हालचाली पूर्ण जातीलच, असं वचन कुणी देऊ नये. उशीर झाला की त्या कायमच्या राहू शकतात. म्हणून तर जीभ वेळेवर बघायची.

बरं, हा धोका फक्त मनोरुग्णांना नाही. गॅस-अ‍ॅसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये लिव्होसल्पिराइड असतं. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांसारखं तेही मेंदूतल्या डोपामाइनलाच अडवतं. आजी ती कॅप्सूल महिनोन्‌महिने दुकानातून परस्पर आणून घेते, आणि तिचे ओठ हलायला लागले की आपण वयाला दोष देतो. वयस्क बायकांना तर हा धोका जास्तच.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो की प्रस्तावित उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम रुग्णाला कळले पाहिजेत. तो त्याचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. तिथल्या प्रत्येक केसपेपरवर या तपासणीचा एक रकाना छापा: तारीख, गुण, सही. रकाना रिकामा दिसला तर नातेवाइकांनी तिथेच विचारावं, ‘डॉक्टर, याची जीभ शेवटची कधी बघितलीत?’