फियाटचा मोनोग्राम रंगवणे : नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य : जुनी गाडी एक. स्वतःची नसली तरी चालते. आमची सासऱ्यांची आहे. कागदोपत्री 1982 ची प्रीमियर पद्मिनी, पण कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या या गाडीला घरात कुणीही फियाटखेरीज दुसरं नाव देत नाही. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी हद्दपार झाल्या, तेव्हा सासरे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जावईबापू, डिकीवरचा मोनोग्राम पुसट झालाय. तुमचा हात चित्रकलेचा ना?" माझा हात शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपुरता होता, पण सासऱ्यांना नाही म्हणण्याची कृती अजून कुणी लिहिलेली नाही.

पायरी पहिली. घरात जी शाई सापडेल ती वापरा. नवशिक्याला काळा परमनंट मार्कर सापडतोच. त्यावर 'परमनंट' असं लिहिलेलं असतं आणि आपण छापील शब्दावर विश्वास ठेवणारी माणसं. धातूच्या अक्षरांमधली खाच मार्करने भरा, दोन पावलं मागे जा, स्वतःवर खूश व्हा. महिनाभराने खाच जांभळी होईल, जवळजवळ आमसुलाच्या रंगाची. त्याचं कारण असं की मार्करची काळी शाई म्हणजे बहुधा दोन-चार रंगद्रव्यांचं मिश्रण. ती द्रावणात विरघळलेली असतात आणि उन्हात प्रत्येक जण आपापल्या सवडीने मरतो. टिकाऊ काळा हवा तर काजळीचा घ्यावा. तो विरघळलेला नसतो, बारीक कणांच्या रूपात असतो आणि उन्हाला दाद देत नाही. आपल्या जुन्या पोथ्या काजळीच्या शाईने लिहिल्या, म्हणून आजही वाचता येतात. दुकानात डब्यावर 'पिगमेंट' शब्द शोधायचा तो याचसाठी.

दुसरी पायरी साफसफाईची. ती सगळेच गाळतात, आपणही गाळू.

पायरी तिसरी. नेलपॉलिश. लाल भाग भरायला सुबक, ब्रश झाकणातच, आणि बायकोच्या ड्रॉवरमध्ये फुकट. गंमत म्हणजे हा वेडेपणा वाटतो तितका वेडा नाही. पूर्वी गाड्यांना ज्याचे हात देत ते ड्यूको आणि नेलपॉलिश ही चुलत भावंडं आहेत, दोघांचाही आधार नायट्रोसेल्युलोज. पण ड्यूको जाड पत्र्यावर, पॉलिश करकरून जगायचं. नखावरचं नेलपॉलिश आठवडाभर टिकावं एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते, आणि ते तेवढंच टिकतं. मग चिरतं, पिवळटतं. ते काढायला थिनर घेतलात तर आणखी एक धडा फुकट मिळेल : स्पीडोमीटरवरच्या प्लास्टिकच्या काचेला थिनरचा बोळा चुकून लागला की तिच्यात कोळ्याचं जाळं उमटतं. ते पुसून जात नाही. मी पुसून पाहिलंय.

पायरी चौथी. घाई. इनॅमल मारा, संध्याकाळी हाताला चिकटत नाही म्हणजे वाळला असं समजा आणि वरून चमक यावी म्हणून एनसी (म्हणजे तेच नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा हात द्या. लॅकरमधलं तेज थिनर खालच्या कच्च्या इनॅमलमध्ये शिरेल आणि तुमच्या डोळ्यांदेखत तापवलेल्या दुधावर साय धरावी तशा सुरकुत्या पडतील. उलट क्रमाने, म्हणजे खाली वाळलेलं लॅकर आणि वर इनॅमल, सहसा निभावून जातं. दुकानदाराने मला हे सांगितलं, पण दुसरा डबा विकल्यावर.

पायरी पाचवी. क्रोमचा स्प्रे. डब्याच्या झाकणावर आरसा, मोनोग्रामवरही दहा मिनिटं आरसा. बोट लागलं की काळं होतं, आणि टिकावं म्हणून वर क्लिअर मारलं की ॲल्युमिनियमच्या पातेल्याचा रंग येतो. खरं क्रोम हा रंगच नव्हे. खाली तांबं, त्यावर निकल आणि सर्वांत वर केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ क्रोम. गंज अडवण्याचं बरंचसं काम निकल करतं, नाव क्रोमचं होतं. (सरकारी कचेरीत नोकरी केलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.) क्रोम उडालेलं असेल तर मुकाट्याने प्लेटिंगवाल्याकडे द्या.

आता सहावी पायरी, जी खरं तर दुसरी होती. साबण, मग मेण आणि सिलिकॉन काढणारं द्रावण, मग पुन्हा बोट न लावणं. डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशचा अंश राहिला तर रंग माशाच्या डोळ्यांसारखा गोल गोल फाटतो. मग हार्डनर मिसळायची टू-पॅक शाई. इपॉक्सी धातूला घट्ट धरते पण उन्हात पिठूळ होते, म्हणून वर पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर. पीयूचा हार्डनर फुप्फुसांना वाईट, तेव्हा योग्य मास्क लावून, उघड्यावर. आणि मिसळल्यावर जेवायला जाऊ नका. परत आलात की वाटीत लाडू आणि त्यात उभा ब्रश.

खाचेत शाई थोडी जास्तच भरावी. मग जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापडात गुंडाळून, कापडाला थिनरचा नुसता वास लावून, अक्षरांच्या माथ्यावरून एकदाच सपाट ओढावा. दोनदा ओढलात की खाचेतलीही निघते. माझा 'पी' तिसऱ्या खेपेस जमला.

त्याआधी मी एक चाचणी केली होती. पत्र्याच्या तुकड्यावर चार शाया, अर्धा भाग फॉइलने झाकलेला, मे महिनाभर गच्चीवर सासूबाईंच्या पापडांशेजारी. पापड दोन दिवसांत उतरले, तुकडा महिनाभर राहिला. मार्कर जांभळा, नेलपॉलिश फुटलेलं, इपॉक्सी फिकी, पीयूखालची जशीच्या तशी. सासूबाईंनी विचारलं, "हे तळायचं का?"

मोनोग्राम बसवला. सासऱ्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "सुंदर. पण यात आधी निळा होता, लाल नव्हे." मी म्हटलं, लालच होता. ते आत गेले आणि पुरावा घेऊन आले : गाडी घरी आली त्या दिवशीचा फोटो, हार घातलेला, मोनोग्राम अगदी स्पष्ट. कृष्णधवल.