डावं-उजवं

बजेट दहा हजार. एवढ्यात घरचा स्टिरिओ सुधारायचा आहे, असं मी आमच्या एका कानसेन मित्राला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तेवढ्याची तर माझी वायर आहे रे."

वायर म्हणजे ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची, दोन्ही बाजूंची मिळून जेमतेम सहा मीटर. माझ्याकडे त्याच कामाला घराच्या वायरिंगमधून उरलेली अडीच एमएमची तांब्याची वायर आहे. एवढ्या अंतराला ती पुरून उरते. तांब्याला स्वतःची किंमत वाचता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मूळ सामान वडिलांचं. एक ॲम्प्लिफायर आणि एकट्याने उचलले तर कंबर धरावी असे दोन लाकडी स्पीकर. स्टिरिओची दोन खोकी एकाच खोलीत, एकाच माणसासमोर ठेवायची असतात, हे आमच्या घराच्या न्यायबुद्धीला कधी पटलं नाही. एक हॉलमध्ये आणि एक स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे कुणावर अन्याय नको. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं सरळ डावीकडे-उजवीकडे वाटून टाकलेली असत. त्यामुळे कित्येक वर्षं हॉलमधल्या मंडळींना निव्वळ तबला ऐकू आला आणि गवई पोळ्या लाटणाऱ्यांच्या वाट्याला गेला. शिवाय स्पीकर हे मुळात फर्निचर. त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि फुलदाणीत मोराची पिसं. कुणी जोरकस ठेका धरला की पिसं डोलायची आणि पाहुणे कौतुक करायचे.

नवंच घ्यावं का, म्हणून एका दुकानात डोकावलो. विक्रेत्या पोराने एका चकचकीत खोक्यावर थाप मारली, "काका, पाच हजार वॅट! पीएमपीओ!" मी खोकं फिरवून पाठीमागची पट्टी वाचली. वीज लागणार साठ वॅट. आमचा गिझर दोन हजार वॅटचा आहे आणि तो लावला की मीटरची चकरी दिसेनाशी होते. हे खोकं साठ वॅट खाऊन पाच हजार परत देणार! असं यंत्र खरंच असतं तर महानिर्मितीने ते कोयनेला नेऊन बसवलं असतं. आणि वॅटची गंमत अशी, की ते दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलने वाढतो, म्हणजे 'हो, वाढला वाटतं जरासा' एवढा. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. शेजाऱ्यांना मात्र पहिल्या पाचातच पुरे होतं.

तेव्हा जुनंच दुरुस्त करायचं ठरलं आणि वूफर काढून तपकीर गल्लीतल्या कारागिराकडे नेले. वूफरच्या कोनाभोवती फोमची कड असते. आपल्याकडच्या दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत तिचं पीठ होतं आणि मग खालचा स्वर फाटक्या पिशवीतून शेंगदाणे गळावेत तसा गळतो. कारागिराने बोट लावलं, तर कड त्याच्या बोटालाच चिकटून आली. "कोन चांगलाय साहेब. असा कागद आता येत नाय," तो म्हणाला. मी उगाच वडिलांच्या वतीने फुशारलो. त्याने ब्लेडने जुना फोम खरवडला, सोल्युशन लावून नवी रिंग बसवली आणि मग सगळ्यात नाजूक काम केलं. दोन्ही अंगठे कोनावर ठेवून तो हलकेच आत दाबायचा, सोडायचा आणि कान जवळ नेऊन ऐकायचा. केसभर जरी तिरका बसला तरी आतली कॉइल चुंबकाला घासते आणि खरखर येते. आली नाही. शेवटी एक पेन्सिल सेल टेकवला. कोन टुणकन बाहेर आला, तेव्हा सेलचं धन टोक जिथे टेकलं होतं तिथे त्याने तांबडी खूण केली. ही खूण एका स्पीकरला सुलट आणि दुसऱ्याला उलट जोडली, तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि दोघं मिळून पखवाज गिळून टाकतात.

दुरुस्तीचे दोन हजार, टीव्ही आणि मोबाइलचा आवाज ॲम्प्लिफायरला समजेल असा करून देणाऱ्या डीएसीचे दीड हजार. बजेट शिल्लक राहिलं. खरा खर्च पुढे होता, कारण उरलेली सगळी सुधारणा फुकटातली होती.

दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानाच्या उंचीला यावा, खोकी कोपऱ्यातून बाहेर असावीत, नाहीतर खर्ज घुमतो. एवढंच शास्त्र. पण डावा स्पीकर बसवायचा तर शोकेस हलवायला हवं, शोकेस हलवायचं तर दिवाण, आणि दिवाण म्हणजे आई.

"अहो, तीन फूट पुढे? हॉलच्या मधोमध?" बायको म्हणाली. "आल्यागेल्याने काय उडी मारून यायचं?" फुलदाणीच्या पुनर्वसनावर दोन दिवस वाटाघाटी चालल्या. दीड फुटावर तह झाला. समोरच्या भिंतीला दिवाळी अंकांचं कपाट आलं; वेड्यावाकड्या कडांवर आवाज विखुरतो, म्हणून रद्दीवाल्याला मी त्याच आधारावर परत पाठवलं. फरशीवर सतरंजी आली.

कानसेन मित्र आला, डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "मिड्स जरा मागे आहेत."

"मग ओढा पुढे," बायको आतून म्हणाली, "आता काय, सवय झालीय."

अडचण एकच. त्रिकोणात ऐकणाऱ्याचा शिरोबिंदू एक आणि घरात माणसं चार. त्या बिंदूवर खुर्ची माझीच, असं मी गृहीत धरलं होतं. पण सात वाजता मालिका लागते, टीव्ही त्याच डीएसीला जोडलेला, आणि आई आता दिवाणावर बसतच नाही. सासूने नुसतं वळून पाहिलं तरी ढगफुटीचा खर्ज सतरंजीपर्यंत येतो. मी डाव्या स्पीकरसमोर उभा राहून विचारलं, "काय आई, फरक वाटतो का काही?"

"तर!" नजर न हलवता आई म्हणाली. "ती मेली मोठी जाऊ उजव्या दाराने येते. पैंजण वाजले की आधीच कळतं. बाजूला हो जरा, तुझ्यामुळे डावीकडचं ऐकू येत नाही."