चौथ्या पायातला बूट

“मामा, चौथ्या पायातला बूट काढून पाचव्या पायात घालतोय, रविवारी या,” असं मी फोनवर म्हणालो. पलीकडे जरा वेळ शांतता. मग मामीला मारलेली हाक ऐकू आली, “अगं, भाच्याची तब्येत बरी आहे ना?”

चूक मामांची नव्हती. रास्पबेरी पाय नावाचा हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिल्यांदा विकायला आला. चौथा पाय २०१९ चा, पाचवा २०२३ चा. ज्या डिस्कवरून तो जागा होतो ती बूट डिस्क. असले दोन शब्द मराठी घरात शिरल्यावर दुसरं काय होणार?

आमच्या शिरूरच्या घरी (म्हातारी माणसं अजून घोडनदीच म्हणतात) हा चौथा पाय टीव्हीमागे लोंबत असायचा. त्याच्या डिस्कवर आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी, सातबाऱ्यांचे स्कॅन, चार लग्नांचे फोटो. शिवाय एक जोखमीचं काम त्याच्याकडे होतं. दिवस मावळला की गोठ्याभोवतीचे दिवे लावायचे. आमच्या तालुक्यात उसातून बिबट्या निघतो, त्यामुळे हे काम हौसेचं नाही.

मामा दौंडचे, रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही अडचणीचं उत्तर दौंड जंक्शनात आधीच सापडलेलं आहे, असं त्यांचं ठाम मत. पाटस, चौफुला, पारगाव, न्हावरे करत ते आले, पाणी प्यायले आणि दोन्ही पाय तळहातावर घेऊन पाहिले. “म्हणजे डबे तेच, इंजिन नवं. दौंडला आम्ही हेच करायचो.”

पुण्याहून नगरकडे जाणारी गाडी दौंडात शिरते, आणि तिचा पुढचा रस्ता ती जिकडून आली तिकडच्याच टोकाला फुटतो. मग इंजिन सोडायचं, ते सुटं इंजिन (मामांच्या भाषेत ‘लाईट इंजिन’) वळसा घालून शेपटाला आणायचं, जोडायचं, ब्रेक तपासायचा. डबे जागचे हलत नाहीत. तोवर नवखा प्रवासी चहाचा कप सांभाळत डब्यात येतो, गाडी सुटते आणि तो दारात जाऊन ओरडतो, “अहो, ही परत पुण्याला निघाली!” मुरलेले प्रवासी काही बोलत नाहीत. उठून समोरच्या बाकावर बसतात, म्हणजे तोंड पुन्हा गाडीच्या दिशेला. कॉर्ड लाईन झाल्यापासून काही गाड्या परस्पर वळतात आणि ही फुकटची करमणूक कमी झाली, याचं मामांना खरंच वाईट वाटतं.

“जोड आणि हाण,” ते म्हणाले.

जोडलं, पण हाणता येईना. पडद्यावर मजकूर आला. भावार्थ असा की या डिस्कवरची प्रणाली पाचव्या पायाला ओळखत असल्याचं कुठे म्हणत नाही, आधी ती नवी करा. माझ्याकडे होती बुल्सआय. डेबियनवाले आपल्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची नावं देतात. त्यातला बुल्सआय हा घोडा, आणि नंतर आलेला बुकवर्म हा चष्मेवाला पुस्तकी किडा. घोडनदीचा माणूस घोड्यावरून उतरायला तयार नव्हता, एवढंच झालं होतं. पाचव्या पायाला निदान किडा तरी लागतो.

“हे व्हॅक्यूम ब्रेकचं प्रकरण,” मामा खुर्ची पुढे ओढत म्हणाले. जुन्या डब्यांचा ब्रेक नळीतली हवा ओढून घेऊन सुटायचा, नव्यांचा हवा दाबून भरल्यावर सुटतो. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मधल्या काळात म्हणून दोन्ही ब्रेक चालवणारी इंजिनं होती. माझं औषधही तेच निघालं. डिस्क परत चौथ्या पायाला लावली, सगळं सामान दुसरीकडे उतरवलं, किडा चढवला, सामान पुन्हा भरलं. या आवृत्तीत दोन्ही पायांसाठी प्रणालीचे वेगळे गाभे, म्हणजे कर्नल, शेजारी शेजारी ठेवलेले असतात, ज्याचा पाय तो आपला उचलतो. “आम्ही दोन्ही ब्रेक इंजिनाला लावले, तू डब्यांना लावलेस,” मामा म्हणाले. “उलटं आहे, पण चालेल.”

सामानाची बांधाबांध जुन्या घरात असतानाच करायची असते, हे मला नव्या घराच्या उंबऱ्यावर कळलं. त्यात दुपार गेली.

मग वीज. पाचव्या पायाला पाच अँपिअरचा चार्जर हवा, माझा जुना तीनचा. यूएसबीला लावलेल्या डिस्कवरून उठायचं तर एवढ्यावर भागणार नाही, बटण दाबलंत तर तूर्त पुढे जाऊ, असं पडद्यावर आलं. मामा म्हणाले, “खंडाळ्याचा घाट चढायला मागून बँकर लावतात, आणि तू निम्म्या वाफेवर निघालास.” मी बटण दाबलं. गाडी सुटली, आणि सुटली ती चौथ्याला लाजवेल अशी.

आजीच्या ओव्या मात्र मुक्या झाल्या. पाचव्या पायाला हेडफोनचं भोकच ठेवलेलं नाही. आवाज टीव्हीतून काढला, ते सोपं गेलं. दिव्यांचं काही जमेना. दिव्यांच्या तारा ज्या टाचण्यांना जोडलेल्या असतात, त्या चौथ्यात थेट मुख्य चिपच्या हाताखाली होत्या. पाचव्यात मध्ये आरपी१ नावाचा वेगळा कारभारी बसवलाय. माझा जुना प्रोग्राम मालक राहून गेलेल्या घराची कडी वाजवत बसला होता. बाहेर अंधार पडायला लागला. मामा बॅटरी घेऊन गोठ्याच्या दारात उभे, “डबे तर आले, डब्यातले दिवे कुठायत?” वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, भिंतीवरचा खटका दाबला आणि काही न बोलता परत गेल्या. मी त्या प्रोग्राममधल्या जुन्या लायब्ररीच्या जागी नवी टाकली. साडेसातला रिले टक्‌ करून वाजला, पण तोवर दिवे लागलेलेच होते, त्यामुळे कुणी वाहवा केली नाही.

सोमवारी जाताना मामांनी चौथा पाय मागून घेतला. दौंडला टीव्हीवर जुनी गाणी लावतो म्हणाले. मी त्यांच्यासाठी एका कार्डावर सगळं भरून दिलं, वहिनींनी शंकरपाळ्यांचा डबा दिला.

रात्री फोन आला. “लाल दिवा स्थिर आहे. हिरवा लुकलुकतोय. चारदा. थांबतो. पुन्हा चारदा.” जन्मभर शिट्ट्या मोजलेला माणूस, मोजण्यात चुकणार नव्हता. चार म्हणजे सुरू व्हायची फाईलच सापडत नाही.

“इंजिन चांगलं आहे, मामा,” मी म्हणालो आणि शर्टाचा खिसा चाचपला. कार्ड खिशातच होतं.

“मग?”

“डबेच जोडले नव्हते.”

“म्हणजे शिरूरपासून दौंडपर्यंत मी लाईट इंजिन आणलं,” मामा म्हणाले, आणि मामीला हाक मारून हे पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, सांगायला लागले.