सोमवारचं काम आपोआप करून घ्या! (लागणारा वेळ: पाच मिनिटं ते तीन आठवडे)

साहित्य: गिटहबवरची एक सार्वजनिक रिपॉझिटरी, एक कंटाळवाणं काम, आणि ते हाताने उरकायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दसपट रिकामा वेळ.

काम निवडताना घाई नको. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता तालुक्याच्या पावसाचे आकडे एका संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचे आणि सीएसव्ही फाइल कमिट करायची, हे उत्तम. हाताने दोन मिनिटांचं काम. पण ही दोन मिनिटं आपल्यासारख्या हुशार माणसाने का घालवावीत, हा विचार एकदा डोक्यात शिरला की शनिवार-रविवार गेलाच म्हणून समजा.

रिपॉझिटरीत डॉट-गिटहब नावाचं फोल्डर, त्यात वर्कफ्लोज, त्यात एक यामल फाइल. इंडेंटेशनला टॅब चालत नाही, स्पेसच द्या. ही फाइल मुख्य शाखेत मर्ज करा. आपल्या खासगी शाखेत ठेवून वाट बघत बसलात तर बसून राहाल, कारण वेळापत्रक फक्त मुख्य शाखेतलं पाळलं जातं.

आता वेळ. ती सांगायची क्रॉनच्या भाषेत. क्रॉन १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही होता आणि अजून निवृत्त झालेला नाही. पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. जिथे काही म्हणणं नाही तिथे तारका. सोमवारी सकाळी नऊ म्हणजे ‘० ९ * * १’. (फाइलीत आकडे इंग्रजी टाका, मराठी अंक क्रॉनला वाचता येत नाहीत. आणि सगळं अवतरणचिन्हांत ठेवा, यामलमध्ये तारकेचा अर्थ निराळा.)

सोमवारी नऊला चहा घेऊन स्क्रीनसमोर बसा. काही होणार नाही. दुपारी अडीचला होईल. वेगळं काही सांगितलं नसेल तर गिटहबचं घड्याळ यूटीसीवर चालतं आणि आपण साडेपाच तास पुढे. म्हणून ‘३० ३ * * १’. वजाबाकी जमली म्हणून हुरळून जाऊ नका. सोमवारी पहाटे दोनला चालवायचं ठरलं तर यूटीसीत तेव्हा रविवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. वारसुद्धा मागे न्यावा लागतो. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने एकदम भरण्याचा मोह टाळा. ‘एक तारीख सोमवारी आली तरच’ असं तुमच्या मनात असतं. क्रॉन दर एक तारखेलाही काम करतो आणि दर सोमवारीही. शिवाय तासाच्या ठोक्याला जगभरची कामं एकदम रांगेत उभी राहतात, त्यात तुमचं मागे पडतं, कधी गळतंही. मिनिटाच्या रकान्यात सतरा, त्रेचाळीस असं काहीतरी अडनिडं टाका.

वर्कफ्लोला पुश करायची परवानगी द्यायला विसराल. सगळेच विसरतात. द्या आणि पुढे चला.

जून ते सप्टेंबर कौतुकाचे. दर सोमवारी हिरवी खूण आणि नवी कमिट. मग पाऊस संपतो, आकडे हलेनासे होतात, फाइल मागच्या आठवड्यासारखीच निघते आणि ‘कमिट करण्यासारखं काही नाही’ म्हणून गिट हात वर करतं. लाल फुली, वर ईमेल. दोन-तीन सोमवार हे सोसलं की तुम्ही एक अट घालता: फाइल बदलली असेल तरच कमिट कर. आता लाल नाही, ईमेल नाही, शांतता. इथे खरं शिक्षण सुरू होतं. सार्वजनिक रिपॉझिटरीत साठ दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर गिटहब वेळापत्रक बंद करून टाकतं. पेन्शनरांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा, तसा इथेही अधूनमधून द्यावा लागतो. मग काहीजण हा दाखला आपोआप देणारं दुसरं वेळापत्रक लिहितात. बाकीच्यांना जुलैत कुणीतरी विचारतं, ‘‘यंदाचा पाऊस कुठाय रे?’’

म्हणून फाइलीत ‘वर्कफ्लो-डिस्पॅच’ ही एक ओळ जास्तीची ठेवा. तिने रिपॉझिटरीच्या ‘ॲक्शन्स’ पानावर एक बटण येतं. ते दाबलं की आपोआप होणारं काम हाताने करता येतं.

शेवटची सूचना ऑफिसातल्यांसाठी. वेळापत्रकावरचं काम फसलं की गिटहब ईमेल पाठवतं ते क्रॉनची ओळ ज्याने शेवटची बदलली त्याला. मूळ फाइल कुणाची, पाऊस कुणाला हवाय, हे बघितलं जात नाही. तेव्हा नोकरी सोडून निघालेला सहकारी शुक्रवारी संध्याकाळी येऊन ‘‘अरे, तेवढी नऊची वेळ दहा करतोस का, एकच आकडा आहे,’’ असं लाडीगोडीने म्हणाला, तर लॅपटॉप त्याच्याकडे वळवा, खुर्ची द्या, चहाही मागवा. ती ओळ मात्र त्यालाच त्याच्या लॉगिनने बदलू द्या.