पूर्वार्ध माझ्याकडे आहे

आमचा भाचा सिडकोत राहतो, पण मनाने जपानात असतो. मधूनमधून कोरियात. पाणी येण्याच्या दिवशी मात्र त्याला शहराच्या हद्दीत यावंच लागतं, कारण मोटार लावायचं खातं त्याच्याकडे आहे. पहाटे साडेचारला गच्चीवर पाइप धरून तो कुठल्याशा जपानी मालिकेचं शीर्षकगीत गात उभा असतो. शब्द आम्हाला कळत नाहीत. चाल मात्र इतकी बसली आहे, की परवा देवपूजेला बसलो तर आरतीलाही तीच लागली. ताईने देवघराचं दार लावून घेतलं.

सध्या त्याचं आराध्य दैवत म्हणजे 'वन पीस'. एइचिरो ओडा या चित्रकाराने समुद्री चाच्यांची ही गोष्ट १९९७ साली सुरू केली. शंभराहून जास्त खंड झाले, खजिना काही मिळायला तयार नाही. "मामा, आता शेवटचा टप्पा चाललाय," असं भाचा म्हणाला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. जायकवाडीहून आमच्या शहराला पाणी आणणाऱ्या नव्या जलवाहिनीबद्दल हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजन झालं तेव्हा ती योजना १,६८० कोटींची होती, पुढे २,७४० कोटींची झाली. ओडांच्या गोष्टीत निदान पाणी तरी मुबलक आहे.

त्यात 'बीटीएस'चं प्रकरण. कोरियातली ही सात गाणारी पोरं. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी पहिला गेला २०२२ च्या डिसेंबरात, शेवटचा सुटला २०२५ च्या जूनमध्ये. भाच्याने या काळात भिंतीवर कॅलेंडर टांगून एकेक दिवस खोडला. शेवटी सातही जण सांगितलेल्या तारखेला घरी आले. सांगितलेल्या तारखेला! त्या रात्री भाच्याचे डोळे भरून आले, माझेही आले. कारणं वेगळी होती.

मग मुंबईच्या कॉमिक कॉनला वेष करून जायचं ठरलं. वेष 'डीमन स्लेयर'च्या नायकाचा, म्हणजे हिरव्या-काळ्या चौकड्यांचा झगा. (याच मालिकेचा सिनेमा सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे लागला, तेव्हा भाच्याने तो दोनदा पाहिला, एकदा स्वतःच्या पैशाने.) गुलमंडीमागच्या शिंप्याने मोबाइलवरचं चित्र लांब धरून पाहिलं आणि विचारलं, "गॅदरिंगचं आहे का लग्नाचं?" भाच्याने अर्धा तास कथानक समजावलं. राक्षस आले, बहीण आली, तलवार आली. शिंप्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लुंगीचं कापड घ्या. हीच चौकडी येते, स्वस्तात पडेल." झगा अप्रतिम झाला. उरलेल्या कापडात माझी लुंगी निघाली. ती नेसून मी गच्चीवर गेलो की भाचा मला मान देतो.

जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात, याचा त्याला केवढा अभिमान! मला डावीकडून पान उलटताना बघून तो कपाळाला हात लावतो. त्याला सांगितलं, बाबा रे, तुझे पणजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. या गावात उजवीकडून डावीकडे वाचणारे शायर सिराज औरंगाबादीच्या काळापासून आहेत. तू फक्त घराणं पुढे चालवतोयस.

मागच्या रविवारी त्याला वेरूळला नेलं. कैलास लेण्यात एका बाजूला रामायण, एका बाजूला महाभारत, ओळीखाली ओळ, प्रसंगामागून प्रसंग कोरलेले. पोरगं प्रथमच गप्प झालं. मग म्हणालं, "चौकटी नाहीत, तरी कुठं काय संपलं ते कळतंय. भारी काम आहे, मामा." कोरणाऱ्यांना बाराशे वर्षांनी का होईना, जाणकार वाचक भेटला. परतताना त्याने विचारलं की याचे पुढचे भाग कोणत्या लेण्यात आहेत.

आता माझं. मी काही वेगळ्या मातीचा नाही. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ साली निघालं आणि १९९० साली बंद पडलं. त्यातल्या मराठी अंकांवर माझं बालपण गेलं. मांड्रेक ठीक होता, पण आमचा जीव वेताळात. डेंकालीचं जंगल, कवटीची गुहा, आणि बापाच्या जागी मुलगा असं करत आलेला एकविसावा वेताळ. आमच्याकडे एवढ्या पिढ्या फक्त नगरसेवकपदाला पुरतात. तर शाळेत असताना एका वेताळकथेचा पूर्वार्ध वाचला. उत्तरार्धाचा अंक शेजारच्या मुलाने नेला, तो बदली झालेल्या वडिलांबरोबर परभणीला गेला, आणि वेताळ आजतागायत दोरखंडाने बांधलेला आहे. औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मी दर दिवाळीला हात घालतो. ताईला वाटतं मी दिवाळी अंक शोधतोय.

हे ऐकून भाच्याने मोबाइल काढला. दहा मिनिटांत ती गोष्ट त्याला इंग्रजीत सापडली. "मामा, सांगू का शेवटी काय होतं?"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. एवढी वर्षं थांबलो ते असं फुकट ऐकायला?

तेव्हा वाचकांना विनंती. कुणाच्या माळ्यावर वेताळाच्या कथांचे मराठी उत्तरार्ध पडले असतील, तर कृपया कळवावं. अंक फाटका चालेल, मुखपृष्ठ नसलं तरी चालेल, फक्त शेवटचं पान हवं. मोबदला म्हणून दोन ड्रम पाणी पोहोचतं करू. आलं की.