जिंकताना काका

भारताला ३० चेंडूंत २२ धावा हव्यात, ७ विकेट हातात आहेत, पोरांनी ग्रुपवर फटाक्यांची चित्रं टाकायला सुरुवातसुद्धा केली आहे. अशा वेळी सोफ्याच्या कोपऱ्यात बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघत बसल्यासारखे जे गृहस्थ दिसतात, ते काका. प्रत्येक सोसायटीत एक असतातच. आमचे दादरचे, त्यामुळे जरा जास्तच आहेत.

"टाळ्या कसल्या पिटताय? शेवटचा रन झाला का?"

जिंकत असताना आनंद होणं हा काकांच्या मते शुद्ध बेजबाबदारपणा. पुरावे विचारा, तारीखवार मिळतील. १८ एप्रिल १९८६, शारजा : शेवटच्या चेंडूवर ४ हवे होते, मियाँदादने ६ मारले. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन : १ बाद ९८ होते, बघता बघता ८ बाद १२०. ३१ जानेवारी १९९९, चेपॉक : सचिन १३६ वर गेला तेव्हा १७ धावा हव्या होत्या आणि ३ विकेट होत्या, त्या तिघांत मिळून ४ धावा निघाल्या. "या तिन्ही वेळी कोणीतरी आधीच पेढे आणून ठेवले होते," असं काका सांगतात. कोणी, ते सांगत नाहीत. फक्त मेव्हण्याकडे बघतात.

दुसऱ्यांच्या गाफीलपणावर मात्र ते मनापासून खूश असतात. २००१ साली ऑस्ट्रेलिया ओळीने १६ कसोट्या जिंकून कोलकात्याला गेली, २७४ ची आघाडी घेतली, फॉलोऑन दिला. पुढे लक्ष्मण २८१, द्रविड १८०, चौथा अख्खा दिवस एकही विकेट नाही, आणि आपण १७१ धावांनी जिंकलो. हे सांगताना काकांचा चेहरा उजळतो, पण त्यात लक्ष्मणचं कौतुक कमी आणि "फॉलोऑन दिलान् ना? भोगा!" हे जास्त.

थट्टा करतोय खरी, पण एक मान्य करायला हवं. जिंकणारी टीम नेमकी कुठे सैलावते, हे काकांइतकं कोणाला दिसत नाही. शेवटी ओळीने १५ वेळा रणजी जिंकणाऱ्या मुंबईत ते वाढलेत. नऊ विकेट काढल्यावरही अकराव्याला एक धाव फुकट न देणाऱ्या खडूसांचं क्रिकेट बघत. रविवारच्या टेनिस बॉल स्पर्धेत ते बाऊंड्रीपाशी खुर्ची टाकून बसतात आणि चेंडूकडे ढुंकून बघत नाहीत. बघतात ते फिल्डरांकडे. मिडविकेटवाल्याचे हात खिशात गेले, की काकांची खुर्ची दोन इंच पुढे. कीपर आणि स्लिप रात्रीच्या बिर्याणीचं ठरवायला लागले, की आणखी दोन. आणि कॅप्टनने "आज तूही टाक एक ओव्हर" म्हणून ज्याला वर्षभर चेंडू दिला नाही त्याच्या हातात तो ठेवला, की काका उभेच राहतात. त्या ओव्हरमध्ये वीसेक धावा जातात. पुढच्यात कॅच सुटतो. काका "म्हटलं नव्हतं?" असं म्हणत नाहीत, नुसते चष्मा पुसतात. ते जास्त लागतं.

घरीही हेच. नातीला दहावीला ९२ टक्के पडले, तर "बारावी आहे अजून." काकू सांगतात, लग्नात अंतरपाट धरलेला असताना भटजी म्हणाले, "झालंच आता," तर हे आतून म्हणाले, "अक्षता पडू देत आधी."

काकांची खरी गंमत मात्र हरताना बघावी. २९ जून २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलला क्लासेनने झोडपलेल्या अक्षरच्या एका ओव्हरमध्ये २४ धावा गेल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० राहिले. हॉलमध्ये सुतक पडलं. कोणी रिमोट शोधायला लागलं, मेव्हणा गॅलरीत गेला. काका एकदम ताजेतवाने. पाय वर घेऊन मांडी घातली, चहा मागवला, वर "साखर घाल जरा" असंही म्हणाले. "आता कसं, आपल्याकडे घालवण्यासारखं काही राहिलंच नाही!"

मग हार्दिकने क्लासेनला पंतकडे झेल द्यायला लावला. पोरं नाचली. काकांनी कप खाली ठेवला आणि पडेल आवाजात म्हणाले, "आलो वाटतं पुन्हा पुढे." तिथून शेवटपर्यंत त्यांचे हाल बघवेनात. सूर्याने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा अख्खी इमारत हादरली. काका टीव्हीला नाक लावून त्याच्या बुटाची टाच दोरीला लागली का ते तपासत होते.

७ धावांनी जिंकलो. मेव्हण्याने खोका उघडला. काकांनी हात मागे घेतला. आता कसली भीती, हे त्यांनाही सांगता येईना. तेवढ्यात कोहलीने टीव्हीवर जाहीर केलं, की ही आपली भारताकडून शेवटची टी-ट्वेंटी मॅच. काकांचा जीव भांड्यात पडला. "आता ओपनिंगला कोण?" असं म्हणत त्यांनी पेढा उचलला.

थोड्या वेळाने रोहितचीही बातमी आली. काकांनी दुसरा घेतला.