हरळीचे बागायतदार

सिन्नरच्या कुठल्याही नव्या कॉलनीत संध्याकाळी फेरी मारा, एक तरी भाऊसाहेब भेटतील. कुंपणाच्या आत ओणवे होऊन ते गवतात काहीतरी चाचपत असतात. चावी वगैरे हरवलेली नसते. भाऊसाहेब नोझल साफ करत असतात.

आपली चाहूल लागली की ते कंबरेवर हात ठेवून उभे राहतात आणि म्हणतात, "या, लॉन बघायला या." नाशिक जिल्ह्यात यावर "लग्न कुणाचं?" असं विचारायची पद्धत आहे, कारण आपल्याकडची बहुतेक लॉन्स अक्षता टाकण्यासाठीच असतात. भाऊसाहेबांचं लॉन मात्र घरचं आहे. पाचशे चौरस फूट. त्यावर कुणी पाय ठेवलेला त्यांना खपत नाही. नातू क्रिकेट खेळतो तो पार्किंगमध्ये, स्कूटर आणि तुळशीच्या मधल्या जागेत.

भाऊसाहेब मूळचे तालुक्याच्या पूर्व भागातले, वावीच्या बाजूचे. पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगानं पाऊस बरा. पूर्वेला ढग नुसते हजेरी लावून जातात. लहानपणी त्यांनी रात्रीच्या लाइटीवर बॅटरी हातात धरून कांद्याला दारं धरली, टँकरमागं हंडा घेऊन पळाले, मग आयटीआय करून माळेगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला लागले. उभी नोकरी दुसऱ्यांचे पाइप गळू न देण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा हाताशी फंड होता, अंगात कसब होतं आणि दुरुस्त करायला समोर काहीच नव्हतं. (मागच्या मोरीचा गळका नळ ते यात धरत नाहीत.) अशा माणसाला लॉन लागतंच.

पाहुण्याला आधी फिल्टर दाखवतात. मग व्हॉल्व्ह. मग टायमरची डबी, जिला घरात देव्हाऱ्याखालोखाल मान आहे. कडेच्या झाडांना सोळा एमएमची ठिबकची नळी, मधल्या गवताला जमिनीतून वर डोकं काढणारे फवारे. "गवताला ठिबक चालत नाही का?" असं विचारलंत की तुमचा चहा गार झालाच समजा. भाऊसाहेब थेट इस्रायलला पोहोचतात. सिम्चा ब्लास नावाच्या इंजिनिअरला एक झाड इतरांपेक्षा जोमानं वाढलेलं दिसलं, शोध घेतला तर शेजारी गळतं पाणी निघालं, त्यातून ठिबकची कल्पना सुचली, १९६५ साली हात्झेरीमच्या किबुत्झमध्ये नेटाफिम कंपनी उभी राहिली. तिथून ते जळगावला भवरलाल जैनांपाशी येतात, आणि मग कुठं आपल्या अंगणात.

ही गोष्ट काकूंनी इतक्यांदा ऐकली आहे की एकदा त्या आतूनच म्हणाल्या, "आपल्या मोरीच्या गळक्या नळाखाली अळू केवढं माजलंय! ते पण दाखवा त्यांना."

भाऊसाहेबांचं खरं वेड मात्र मोजमापाचं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, हे सूत्र ते ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला सांगतात. लॉन झालं सेहेचाळीस चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरा, म्हणजे दोनशे तीस लिटर. पण रोज थोडं थोडं पाजलं तर मुळं आळशी होऊन वरच राहतात, म्हणून दिवसाआड दोन दिवसांचं एकदम. तेही सलग नाही. सात मिनिटं फवारा, अर्धा तास विश्रांती, पुन्हा सात मिनिटं. नाहीतर काळी माती पाणी प्यायच्या आत ते रस्त्यावर येतं. वेळ पहाटे पाचची, वारा पडलेला असताना. दुपारी दिलेलं अर्धं वाऱ्यावर जातं आणि रात्री पान ओलं राहिलं तर बुरशी धरते.

बरं, हे पाणी सगळीकडं सारखं पडतं का? ते बघायला भाऊसाहेबांनी एका पहाटे स्वयंपाकघरातल्या सगळ्या वाट्या लॉनवर ओळीनं मांडल्या, फवारे चालवले आणि नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी प्रत्येक वाटीत बुडवून आकडे वहीत उतरवले. एका कोपऱ्यात आठ मिलिमीटर, दुसऱ्यात तीन. एका फवाऱ्याचं पाणी शेजारच्या फवाऱ्याच्या बुडापर्यंत पोहोचायला हवं, हा नियम पाइप टाकणाऱ्यानं मोडला होता. त्यांनी स्वतः खणून फवारे हलवले. चाचणी पुन्हा झाली ती नेमकी आमरसाच्या रविवारी. त्या दिवशी कॉलनीत पहिल्यांदा आमरस स्टीलच्या पेल्यातून वाढला गेला. पुढं बोअरच्या क्षारानं नोझल चोंदले, ते व्हिनेगारमध्ये भिजत पडले तेही त्याच वाट्यांत. काकूंनी आता वाट्यांना कुलूप लावलंय.

पावसाचा सेन्सरही आहे. त्यात बुचाच्या चकत्या असतात, त्या भिजून फुगल्या की फवारे बंद. ही वस्तू सिन्नरात बसवणं म्हणजे आशावादाची हद्द. एका मे महिन्यात सिस्टीम अचानक ठप्प झाली. वायरी तपासल्या, व्हॉल्व्ह उघडला, टायमर पुसला. शेवटी मान वर करून पाहिलं तर वरच्या गच्चीतून काकूंचं लुगडं दोरीवरून बरोबर सेन्सरवर निथळत होतं. सिस्टीमच्या हिशेबात भर वैशाखात संततधार लागली होती.

हसायला ठीक आहे, पण हा मोजका हात त्यांनी कंपनीच्या पुस्तकातून उचललेला नाही. देवनदीवरच्या ब्रिटिशकालीन वळणबंधाऱ्यांचं पाणी पाटानं यायचं तेही पाळीनंच. गाळानं बुजलेले त्यातले पाट युवामित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन पुन्हा वाहते केले, तेव्हा पाण्याबरोबर पाळीचा हिशेबही परत आला. आज तालुक्यात टोमॅटो ठिबकवर, डाळिंब ठिबकवर, आणि प्लास्टिक अंथरलेली शेततळी जागोजाग. भाऊसाहेब पाहुण्याला अर्धाच पेला पाणी देतात आणि "लागलं तर आणखी घ्या" म्हणतात; आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला देतात. ही अक्कल शंभर नंबरी आहे. ती गवतावर का खर्च होते, एवढंच मला कोडं आहे.

ते सुटलं त्यांचे थोरले बंधू गावाहून आले तेव्हा. म्हातारा टोपी सावरत कुंपणाशी उभा राहिला, वाकून एक काडी उपटली, दातात धरली.

"धाकल्या, ही तर हरळी."

"सिलेक्शन वन म्हणतात तिला, दादा. रोपवाटिकेतून आणली."

"इकत?"

भाऊसाहेबांनी विषय बदलून फिल्टर दाखवला. दादांनी तो पाहिला, टायमर पाहिला, सगळा मिलिमीटरचा हिशेब मान डोलवत ऐकून घेतला. मग फार मायेनं म्हणाले, "उद्या पोराला पंप घेऊन धाडतो. दोनदा औषध मारलं की साफ व्हईल."

"दादा, ती घालवायची नाही. ती जगवायची आहे!"

"जगवायची?" दादा मटकन पायरीवर बसले. "आरं, बानं हिच्यापायी आख्खा मळा कुदळीनं खणला. बहात्तरच्या दुष्काळात जनावरं छावणीला गेली, हिरीचा तळ दिसला, तरी ही बांधावर वाळून पडून राहिली अन् पहिल्या पावसाला पुन्हा हजर. हिला तू फवारे लावतो?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. भाऊसाहेब काही बोलले नाहीत. दादा जाताना कापलेल्या गवताचं एक पोतं म्हशीला म्हणून घेऊन गेले.

रात्री भाऊसाहेबांनी टायमरची डबी उघडली आणि सात मिनिटांची सहा केली. मग वहीत तारीख टाकून लिहिलं: दर फेरीला बचत, ३३ लिटर.